राउटरची पेटी

२००६ सालची ही गोष्ट. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या थोरल्याचं, सुमेधचं लग्न झालं आणि लग्नासाठी आम्ही घराला आतून फिकट पिस्ता रंग काढला होता. त्या रंगाचाही पुढे या गोष्टीत हात आहे.

आम्ही तेव्हा वसईत, पापडीच्या अलीकडे तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. अजूनही तिथेच आहोत. माझे यजमान श्रीरंग वालीवला स्टीलची कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. पत्रा हा त्यांचा जीव. कुठे लग्नाला गेलो तरी जेवणाआधी हे लग्नघरच्या कपाटाच्या दारावर बोटाने टिचकी मारून बघणार. आवाजावरून सांगायचे, पत्रा जाड की पातळ. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सुमेधने बायको स्वतःच शोधली होती. वसई स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रचना शिकवायला होती आणि सुमेध तिथे कसलासा कोर्स करत होता. क्लास सुटला की सगळे मिळून तिथल्या कॉम्प्युटरांवर खेळ लावायचे. बंदुका घेऊन गोदामातून पळायचं आणि समोरच्या टोळीला टिपायचं, असा तो खेळ. रचना त्यात सुमेधला दर वेळी मारायची. "आई, ती मागून येते, पत्ताच लागत नाही," असं त्याने मला सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं की आता पत्रिका बघण्यात अर्थ नाही.

रचना कामणकडची, चिंचोटीच्या धबधब्याच्या पायथ्याशी त्यांची भाताची शेती. घरातली माणसं मोकळी, मोठ्याने बोलणारी. पण आमच्याकडे आल्यापासून ही पोर जपून पावलं टाकायची. 'पानी' म्हणायची सवय असलेली मुलगी आमच्यासमोर 'पाणी' इतकं सांभाळून म्हणायची की ऐकणाऱ्याला घोट घेताना संकोच वाटावा. क्लासची नोकरी लग्नात सोडली होती, पुन्हा बघू म्हणाली होती. आणि तिने माहेरून आणलेला तिचा स्वतःचा कॉम्प्युटर खोक्यातून बाहेरच आला नव्हता. घरात आधीच दोन होते, एक सुमेधचा त्यांच्या खोलीत, एक धाकट्या परेशचा आतल्या खोलीत. तिसरा खोक्यासकट पलंगाखाली सरकवला होता. मार्चमध्ये टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं, तेही एका वेळी एकाच कॉम्प्युटरला लागायचं. दोघे भाऊ एका वायरीसाठी शाळकरी पोरांसारखे भांडायचे.

"दादा, तुझं झालं ना आता? लग्न झालेली माणसं इतकं खेळत नाहीत."

"तुझं झालं की कळेल तुला, लग्न झालेली माणसं का खेळतात ते!"

रचना ऐकून हसायची, पण तोंडाला पदर लावल्यासारखी. मी तिला एकदाही त्या माउसला हात लावताना पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात एका दुपारी ती फोनवर भावाशी बोलत होती. तिला वाटलं मी झोपले आहे. "नाय रे भूपेश, हितं त्याला जागा नाय. उगाच धूळ खातोय. तू रविवारी टेम्पो आन आनि ने घरी."

मी डोळे मिटून पडून राहिले, पण झोप उडाली. माझ्या लग्नात वडिलांनी मला शिवणयंत्र दिलं होतं. सासूबाईंचं एक घरात होतंच. दोन यंत्रं काय करायची, म्हणून माझं महिनाभरात एसटीच्या टपावर चढून राजापूरला माहेरी परत गेलं. कोणी वाईट बोललं नाही, कोणी भांडलं नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी या घराला 'तुमच्याकडे' म्हणत होते. 'आमच्याकडे' हा शब्द तोंडात यायला सुमेध शाळेत जावा लागला. म्हणून मला ठाऊक होतं की रविवारी टेम्पोत काय चढणार आहे. तो नुसता कॉम्प्युटर नव्हता.

संध्याकाळी मुलगे आल्यावर मी दोघांना स्वयंपाकघरात उभं केलं. "तिन्ही कॉम्प्युटर एकदम चालतील असं काही असतं का?"

"राउटर लागेल," परेश म्हणाला. "एक इंटरनेट तिघांत वाटून देतो. तिघं एकाच वेळी खेळू शकतात."

"मग आणा."

"तुला खेळायचंय, आई?"

"हो, बंदूक घेऊन. आधी तुम्हा दोघांनाच टिपणार आहे."

हे बाहेरून ओरडले, "वायरी आणायच्या तर भिंतीला भोक पाडायचं नाही! रंग वाळला नाही अजून!" रंग वाळून तीन महिने झाले होते. पण म्हणून बिनतारी राउटर आणायचं ठरलं. सुमेधने शुक्रवारी मुंबईहून येताना तो आणला, आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागे लावायची बोटाएवढी एकेक यंत्रंही. राउटर म्हणजे दोन शिंगं असलेली काळी डबी. शनिवारी सकाळी ती टिपॉयवर ठेवली. परेश पुस्तिका वाचून गोंधळला, तेव्हा रचनाला हाक मारली. तिने परेशच्या खुर्चीच्या कडेला टेकून पटपट काय काय टाइप केलं आणि विचारलं, "नाव काय द्यायचं? राउटरला नाव द्यावं लागतं."

"तूच दे," मी म्हणाले.

ती थोडी थांबली आणि तिने 'चिंचोटी' असं लिहिलं. दोन्ही कॉम्प्युटरांवर ते नाव उमटलं, इंटरनेट सुरू झालं. "वहिनी, आता तुझा काढ बाहेर!" परेश म्हणाला. ती म्हणाली, "राहू दे, उद्या भूपेश येतोय." एवढंच. पण मी मनात म्हटलं, उद्या तो यायच्या आत तो खोका फोडायचा.

इकडे हे सगळं बघत ह्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जेवताना त्यांनी राउटरची लांबी-रुंदी मोजून घेतली. मला वाटलं, असेल काहीतरी खूळ. दुपारी कारखान्यात गेले ते संध्याकाळी कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि रविवारी सकाळी आम्ही उठायच्या आत हॉलच्या भिंतीवर ते बसवलंसुद्धा. राखाडी रंगाची, कडा वळवलेली, छोट्या कपाटासारखी स्टीलची पेटी. वायरी आत जायला मागून भोक, त्याला रबरी कड. हवेला बारीक फटी. दाराला कुलूप. आत राउटर देवासारखा बसलेला.

"बाबा, भिंतीला भोक?" परेश म्हणाला.

"ते मी पाडलंय. मी पाडलेल्या भोकाने रंग उडत नाही." मग चावी माझ्या हातात दिली. "महागाची वस्तू अशी टिपॉयवर उघडी ठेवायची नसते. झुरळं शिरतात, कोणी चहा सांडतं. आता वीस वर्षं बघायला नको."

आम्ही सगळ्यांनी पेटीचं कौतुक केलं. खरंच सुरेख होती. मी चावी कमरेच्या जुडग्यात अडकवली. रचना मात्र पेटीकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि भूपेश हातात वाळूक आणि भेंड्यांची पिशवी घेऊन आत आला. ह्यांनी त्याला पाहताच चप्पल घातली. "भूपेश, जेवूनच जायचं. मी कोळंबी आणतो."

हे बाजारात गेले आणि मी मुलांना म्हटलं, "आता काढा तो खोका. तिन्ही लावून दाखवा भूपेशला."

रचना "आई, कशाला" म्हणेपर्यंत परेशने खोका हॉलमध्ये आणून उघडला आणि कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडला. खेळ सुरू करायला तिघं तीन ठिकाणी बसले, म्हणजे दोघे भाऊ आपापल्या खोलीत आणि रचना टेबलाच्या कडेला, उठून जाता येईल अशी.

आणि काहीच लागेना.

"दादा, तुझ्याकडे येतंय का?"

"नाही. काल तर होतं!"

"तू काहीतरी बदललंस."

"मी? तूच रात्री बोटं घालत होतास!"

टेलिफोनच्या तारेला दोष देऊन झाला, मागच्या बोटाएवढ्या यंत्रांना देऊन झाला, दुकानदाराला तर फारच. रचनाच्या पडद्यावर 'चिंचोटी' हे नाव अधूनमधून दिसायचं आणि विझायचं. चहा संपवून भूपेश उठला. "मावशी, नवी वस्तू अशीच रुसते. ताई, मग नेऊ का मी? टेम्पोत जागा हाय."

रचना उठली. पडद्यामागची वायर काढायला तिने हात घातला. मला त्या क्षणी एसटीचा टप दिसला. मी म्हणाले, "थांब गं जरा."

ती थांबली. एकदा भावाकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, त्या पेटीची चावी द्याल? आत धूळ बसली असेल, पुसते."

"अगं, सकाळी तर बसवली. धूळ कुठली?"

"तरी पुसते."

मी चावी दिली. तिने कुलूप काढून दार उघडलं, आणि आतल्या खोलीतून परेश ओरडला, "आलं!"

रचनाने राउटरवरून फडकं फिरवलं, दार लावलं.

"गेलं!" सुमेध ओरडला.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मी पुढे होऊन दार उघडलं.

"आलं! कोणी हलू नका!"

लावलं.

"गेलं, गेलं! अरे काय चाललंय?"

आता मला हसू आवरेना. मी पदर तोंडात धरला. रचना आधी गाल आत ओढून उभी होती, मग तीही फुटली. कामणला हसतात तसं, अख्ख्या अंगाने. भूपेशला काही कळलं नाही, पण बहीण हसतेय म्हणून तोही हसायला लागला. मी पुन्हा दार उघडलं, लावलं. आत 'आलं-गेलं'चा घोष चालू. समोरच्या फ्लॅटमधली लूर्डस खिडकीतून ओरडली, "वसुंधरा, काय गं आलं नि गेलं? उंदीर की पावणे?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "काय करताय पेटीला?"

हे कोळंबीची पिशवी घेऊन उभे होते. रचनाचा चेहरा क्षणात पूर्वीसारखा झाला. "काही नाही बाबा, पुसत होते."

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. पुढे आले. दार लावलं. "गेलं!" आतून आवाज. उघडलं. "आलं!" पुन्हा एकदा दोन्ही केलं, शांतपणे, कारखान्यात माल तपासावा तसं. या पेटीवर त्यांनी शनिवारची सुट्टीची दुपार घातली होती, आणि सुनेच्या भावासमोर पेटीचं हे असं व्हायचं होतं.

मग त्यांनी पेटीच्या कडेवर टिचकी मारली. "अठरा गेजचा जाड पत्रा आहे," ते म्हणाले. छाती अशी की मिलिटरीत भरती होतायत. "आतलं काही बाहेर जाणारच नाही! कारखान्यात कपाटात रेडिओ ठेवला की मुका होतो. माझ्या लक्षात कसं नाही आलं!" मग रचनाकडे वळले. "तुला केव्हा कळलं?"

ती खाली बघत म्हणाली, "सकाळीच."

"आणि पुसत होतीस?"

ती हातातल्या फडक्याची घडी घालू लागली.

"तुझी सासू इतकी वर्षं मला तोंडावर सांगते, अजून छप्पर पडलेलं नाही. यापुढे सांगायचं. 'बाबा, पेटी चुकली.' म्हण."

"बाबा..." ती थांबली. दोघे भाऊही खोल्यांतून बाहेर येऊन उभे होते. "बाबा, पेटी चांगली हाय. जागा चुकलीय. राउटर आत नको, वर पाहिजे."

"हाय" म्हणाली ती. तिच्या लक्षातही आलं नाही.

"मग तसं बोल ना!" ह्यांनी स्क्रूड्रायव्हर मागवला, राउटर बाहेर काढला आणि पेटीच्या डोक्यावर बसवला, शिंगं वर करून. भूपेशने टेम्पोची चावी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. "ताई, मना पन शिकव."

कोळंबी मी आणि ह्यांनी मिळून सोलली, कारण बाकी कोणी जागचं हलायला तयार नव्हतं. जगातल्या कुठल्याशा देशातली पोरं समोर होती आणि आमच्या घरातली तिघं एका बाजूला. स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, "आवो, मागं कोन हाय बघा! मागं बघा!" नवऱ्याला इतक्या मोठ्याने हाक मारलेली तिने त्या घरात पहिल्यांदाच. भूपेश रिकामा टेम्पो घेऊन संध्याकाळी उशिरा गेला. नंतर तिच्या आईचा फोन आला, कॉम्प्युटर का नाही आला विचारायला. मी भांडी विसळत होते. रचना म्हणत होती, "तो नाय येनार आता. आमच्याकडे लागतो."

मी नळ बंद करून घेतला, आणखी एकदा म्हणते का ऐकायला. म्हणाली.

आता सगळी माणसं पांगली. परेश नाशिकला बँकेत आहे. त्याला खेळायला वेळ नाही, त्याची मुलगी खेळते आणि तो तिच्यावर ओरडतो. भूपेशने टेम्पो विकला आणि कामण, चिंचोटीकडच्या गावांत घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढायचा धंदा काढला. धबधब्याला येणारी गर्दी वाढली की त्याचं काम बिघडतं, तेव्हा तो बहिणीला फोन करतो. लूर्डस फ्लॅट विकून पापडीला भावाच्या वाडीत राहायला गेली, नाताळात केळ्यांची फणी पाठवते. रचनाने पुढच्याच वर्षी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. आता तिचा स्वतःचा क्लास आहे आणि सुमेध ऑफिसातून आला की तिथे हिशेब बघतो. त्यांची ज्ञानदा यंदा कॉलेजात गेली. खेळात आईला हरवते म्हणतात. मला खरं वाटत नाही.

हे जाऊन आता सहा वर्षं झाली. पेटी त्याच भिंतीवर आहे. तिच्या डोक्यावर चौथा की पाचवा राउटर बसलाय, नाव अजून 'चिंचोटी'च. घरात कोणी पाहुणा आला आणि पासवर्ड मागायला लागला की रचना विचारते, "चिंचोटी दिसतंय का?" पेटीच्या आत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. चावी कधीच हरवली, कोणी शोधलीही नाही. रोज सकाळी गोळी काढताना मी दारावर एक टिचकी मारते. पत्रा अजून तसाच वाजतो.