दुरुस्तीची खूण

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सगळे त्यांना कार्डताई म्हणत. पूर्वी त्या पुस्तकांच्या नोंदी कार्डांवर हातानं लिहीत, आता संगणकात भरत. ऑनलाइन शोध सांभाळायला तिघांचा गट व्हायचा होता. संगणकवाला आणि नियतकालिकवाली, अशा दोन जागा ठरल्या होत्या. तिसरी कार्डताईंना द्यायची की त्यांची रवानगी तळघरातल्या जुन्या पुस्तकांकडे करायची, हे आज ठरणार होतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे ग्रंथपालांनी, नवी रीत घातली होती. रोज दहाला सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं आणि वाचकांना काल जे सापडलं नाही ते शोधायचं. ‘हे माझं काम नाही’ असं जो म्हणेल, त्यानं चहा करायचा.

आजची तक्रार एकच होती. एका विद्यार्थिनीला हवा असलेला प्रबंध कपाटात होता, पण शोधात दिसत नव्हता.

“माझी यंत्रणा ठणठणीत आहे,” संगणकवाला म्हणाला.

“मी ऑनलाइन नियतकालिकं बघते. प्रबंध काही माझं काम...” नियतकालिकवालीनं जीभ चावली.

“साखर कमी घाला हं!” संगणकवाला हसला.

कार्डताईंचं लक्ष पडद्यावरच्या बारीक खुणेकडे गेलं. दुरुस्तीला घेतलेली नोंद खूण करून वाचकांपासून लपवायची, काम झालं की खूण काढायची. गेल्या आठवड्यात त्यांनी तीनशे बारा नोंदी घेतल्या होत्या. थोड्या सोडून बाकीची एकेक नोंद डोळ्यांत तेल घालून तपासली, आणि खुणा काढायच्याच राहिल्या.

गप्प राहून दुपारी हळूच काढल्या असत्या, तर कोणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी खुणेवर बोट ठेवलं.

“चूक माझी आहे. आणि एक नाही, तीनशे बारा प्रबंध लपलेत.”

“सगळ्या खुणा मी पाच मिनिटांत काढतो,” संगणकवाला म्हणाला. “पण त्यात दुरुस्ती अर्धवट राहिलेल्या नोंदी कोणत्या, हे मला कसं कळणार?”

“सात. लिहून घे.” ताईंनी सातही प्रबंधांची नावं, वर्षांसकट, कागदाशिवाय सांगितली. तो लिहितालिहिता थांबून त्यांच्याकडे बघतच राहिला.

थोड्या वेळानं विद्यार्थिनीचा प्रबंध पडद्यावर आला.

“ताई, उद्यापासून याच्या शेजारी बसा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “खुणा दोघांनी मिळून काढायच्या.”

“आणि तळघर?”

“तिथल्या पुस्तकांना घाई नाही. वाचकांना आहे.”

नियतकालिकवाली चहा घेऊन आली. तिनं पहिला कप ताईंसमोर ठेवला. संगणकवाल्यानं कुरकुर न करता आपली खुर्ची हातभर सरकवली.