गोपिकाला दिलेली कादंबरी

पहिल्या बाळंतपणासाठी माझी नणंद गोपिका माहेरी आली. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. दिवसभर ती मोबाईलवर बाळंतपणातल्या भयंकर गोष्टी बघायची. म्हणून मीच माझ्या आवडत्या जुन्या लेखकाची कादंबरी तिच्या हातात ठेवली.

"शाळा सुटल्यापासून मी पुस्तक उघडलं नाही, वहिनी," ती कुरकुरली.

"दहा पानं वाच, मग बोल."

दोन दिवसांनी जरीपटक्याच्या बाजारात भाजी घेताना मला एकदम आठवलं. त्या कादंबरीतली नायिका शेवटी बाळंतपणातच मरते! कॉलेजात मी नुसती भाषेवर भाळले होते. भाजी तशीच टाकली, माझ्या छोट्या पियुषला कडेवर घट्ट धरलं आणि ऑटोत बसले.

घरी आले तर गोपिका डोळे पुसत होती.

"दे ते पुस्तक. दुसरं देते."

"काहून? मी शेवट वाचला ना."

मी तिच्याजवळ बसले. "सगळ्यांचं तसं होत नाही वं."

"माहीत हाये. पण तिचं डोकं दुखून राहिलं होतं, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली होती, अन् ते बाई कोणाले सांगतच नव्हती." तिनं माझं मनगट पकडलं. "मले सकाळपासून तसंच होऊन राहिलं, वहिनी. आई घाबरन म्हणून मी गप्प होती."

ऑटोवाला दारातच गाडी वळवत होता. मी खिडकीतून ओरडले, "भैया, रुको! दवाखाने चलना है!"