पंक्चर झालं तर?

ऊर्जानगरच्या गेटासमोरच्या टपरीवर दर रविवारी पहाटे काही मंडळी हेल्मेट न काढता चहा पितात. त्यांच्या क्लबाचं नाव अरण्यचक्र. सदस्य अकरा, त्यात बाया दोन. अध्यक्ष सुरेंद्रभाऊ, वीज केंद्रात टर्बाइनवर अभियंता. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं जातं. सुरेंद्रभाऊ सगळ्यांची काळजी करायचे, आणि काळजी ही अशी वस्तू आहे की ती एकदा पदरात पडली की देणाऱ्याला परत करता येत नाही.

एका फेब्रुवारीत क्लबाने नागभीडहून आडवाटेने ब्रह्मपुरीपर्यंत मोठी राइड काढली होती. जंगलाच्या कडेने, तळ्यांच्या पाळीवरून, धान निघालेल्या शेतांच्या बांध्यांमधून. त्या दिवशी बाभळीच्या काट्यांनी पाच जणांच्या ट्यूब फोडल्या. चार पुरुष होते, त्यांच्या ट्यूब काट्यांमुळे फुटल्या. पाचवी स्वाती, बँकेत काम करणारी. तिची ट्यूब ती बाई असल्यामुळे फुटली. निदान मार्चमध्ये टपरीवर जो नियम झाला, त्यावरून असंच दिसत होतं. पुढच्या वर्षापासून कच्ची वाट सुरू झाली की महिला सदस्य जीपमध्ये बसतील, सायकली टपावर चढतील, आणि ब्रह्मपुरीच्या अलीकडे डांबर लागलं की पुन्हा खाली उतरतील.

"फोटोत तुम्ही असालच," सुरेंद्रभाऊ म्हणाले.

दुसरी बाई रंजीता. वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत ती बॉयलरचं पाणी तपासते. माहेर ब्रह्मपुरीच्या जवळचं, ढिवरांच्या वस्तीतलं. बाप तळ्यात जाळं टाकायचा आणि ही त्याच पाळीवरून काळ्या लेडीज सायकलने कॉलेजात जायची. म्हणजे ज्या वाटेवर तिला जीपमध्ये बसवायचं ठरत होतं, ती वाट तिने तीन वर्षं रोज दोनदा तुडवलेली होती. पण हे तिने सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं, "कारण काय?"

"कारण म्हणजे, जंगलात पंक्चर झालं तर?"

"आणि नाही झालं तर?"

"काट्याला कोण सांगेल, मॅडम?" सगळे हसले.

"मी ट्यूबलेस करते. मग?"

"करा की. मग बघू."

हे 'मग बघू' नऊ जणांच्या देखत निघालं होतं. सुरेंद्रभाऊंनी ते चहाच्या कपाबरोबर टपरीवर सोडलं. रंजीताने उचलून घरी आणलं.

ट्यूबलेस करणं म्हणजे ट्यूब काढून टाकायची, रिमवर टेप लावायची, टायर थेट रिमला बसवायचा आणि आत पातळसर द्रव ओतायचा. काटा घुसला की तो द्रव भोकाशी धावतो आणि तिथे गोठून बसतो. दुकानात त्याला सीलंट म्हणतात. रंजीताच्या आईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चीकच होय न थे, उंबराचा असते तसा." घरात मग तेच नाव पडलं.

पण चीक कुठला घ्यायचा, यावर चंद्रपुरात प्रत्येकाकडे मत होतं, आणि मत जितकं पक्कं तितकं ते दुसऱ्याच्या टायरवर आजमावलेलं. दुकानदाराने मोटारसायकलचा जाड जेल पुढे केला. क्लबातल्या एकाने विलायती बाटलीचं नाव सांगितलं. स्वतः ती वापरत होता का, तर नाही, पण त्याच्या पुण्याच्या साळ्याने वापरली होती. बाटल्यांवर लिहिलेलं असायचं, सहा महिने चालतो. कुठले सहा महिने, ते लिहिलेलं नसायचं.

रंजीताने तीन बाटल्या आणल्या. एप्रिलच्या शेवटी गॅलरीत तीन बशा मांडल्या आणि प्रत्येकीत एकेक चीक ओतला.

धनराज, तिचा नवरा, कोळशाच्या पट्ट्यावरची रात्रपाळी करून आला आणि बशांसमोर उभा राहिला.

"पापड घातले का?"

"हो. तुले खायचे आहेत का?"

"शेजारची विचारून राह्यली होती. मी म्हटलं, आमच्या इथी यंदा रबराच्या कुरडया आहेत."

"बरोबर सांगितलं. आता अंगोयीले जा."

दर दोन दिवसांनी ती बोटाने बशी हलवून बघायची. जाड जेल तसाच राहिला, पण जुन्या टायरमध्ये भरून काटे टोचले तर भोकापाशी यायला त्याला अख्खी सकाळ लागली. दुसरा वाळायलाही हळू आणि भोक बुजवायलाही हळू. तिसरा, अमोनियाच्या वासाचा, काटा उपसला की चिर्र करून पांढरी पिचकारी मारायचा आणि चाकाच्या दोन फेऱ्यांत गप्प बसायचा. पण चंद्रपूरच्या उन्हात बशीतल्या त्या चिकाची साय सगळ्यांत आधी निघाली.

"मंग कोणता?" धनराजने विचारलं.

"तिसरा."

"वाळते न तो."

"वाळू दे. मी घालत जाईन."

या उत्तरात रंजीता पुरती येते. ज्याला एकदा भरून विसरायचं असतं त्याच्यासाठी दुकानात वेगळी बाटली आहे. हिला विसरायचं नव्हतं.

टायर रिमवर बसवायला हातपंप पुरेना, म्हणून तिने चाक नाक्यावरच्या पेट्रोलपंपाच्या हवेवर नेलं. टायरची कड रिममध्ये फटाक्यासारखी दोनदा वाजली. सोबत आलेला धनराज एका उडीत डिझेलच्या मशीनमागे गेला आणि पुढे महिनाभर शपथेवर सांगत राहिला की तो भाव बघायला गेला होता.

मग वर्षभर तो चीक सांभाळणं आलं. उन्हाळ्यात महिना भरायच्या आत ती चाक कानाशी धरून हलवायची. आत खळखळ झाली तर ठीक. नाही झाली तर व्हॉल्व्हची सुई काढायची, तोंडाशी जमलेला दह्यासारखा गोळा टाचणीने उकरायचा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने नवा घास भरायचा. सायकल गॅलरीतून आतल्या खोलीत आली, कारण उभ्या सायकलीला ऊन लागलं की चीक तळाशी बसून वाळतो. येता-जाता चाक फिरवायची सवय धनराजलाही लागली. सासरचे पाहुणे आले तेव्हा सायकल पलंगाशेजारी होती. कुणी विचारलं नाही. धनराजचा चेहराच तसा होता.

पावसाळा गेला, धान कापून झालं, आणि फेब्रुवारीत क्लबाच्या ग्रुपवर राइडची व्यवस्था आली. जीप: रंजीता मॅडम, स्वाती मॅडम.

तिने फोन केला. "भाऊ, मी ट्यूबलेस केलं आहे."

"ऐकलं. छान केलंत."

"मग जीप कशाला?"

"पंक्चरचं नाही हो आता. तिकडे वाघ आहे."

"वाघ मार्चमध्ये नव्हता का?"

"तसं नाही, मॅडम—"

"वाघाचं भेव सगळ्यांलेच आहे, भाऊ. मलेबी आहे. पण मंग अकराही जण जीपमध्ये बसू." रंजीताची भाषा ऑफिसातली एक आणि ब्रह्मपुरीची एक. दुसरी निघाली की धनराज टीव्हीचा आवाज कमी करायचा. आताही केला. "तिकडच्या बाया मोहा वेचाले पायी जातात. त्याइच्या मागं कोणाची जीप असते?"

"तुमच्या भल्यासाठीच आहे," सुरेंद्रभाऊ म्हणाले.

फोन ठेवल्यावर तिने पलंगाशेजारच्या सायकलचं चाक फिरवलं. वर्षभर तिने काट्याला उत्तर शोधलं होतं, आणि तिला विचारणारा काटा नव्हताच. पंक्चर मिटलं तर वाघ निघाला. वाघ मिटला तर ऊन निघालं असतं, उन्हानंतर घरचे काय म्हणतील ते.

"मंग, जाशीन?" धनराजने विचारलं.

"सायकलनं जाईन."

नागभीडला सकाळी सगळे जमले. डांबर संपलं तिथे जीप थांबली आणि ड्रायव्हर लच्छू दोर घेऊन टपावर चढला. स्वातीने मुकाट्याने सायकल वर दिली. रंजीताने आपली सायकल पुढे नेली आणि पायडलवर पाय ठेवला.

"मॅडम, दोर टाकू का?" लच्छू वरून म्हणाला.

"माझ्यावर टाका मंग. सायकल नाही देत."

सुरेंद्रभाऊ जवळ आले, आवाज खाली आणून. "नियम सगळ्यांसाठी असतो."

"दोघींसाठी आहे," ती म्हणाली आणि निघाली.

आता बाईला ओढून जीपमध्ये घालता येत नाही, आणि एकटी सोडली तर आपली काळजी खोटी पडते. सुरेंद्रभाऊंनी मधला मार्ग काढला: जीप रंजीताच्या मागे लावली. पुढे सायकल, मागे पहिल्या गियरमध्ये घुरघुरणारी जीप, तिच्यात स्वाती, आणि सगळ्यांच्या मागे बाकीचा क्लब धूळ खात. धान निघालेल्या बांध्यांत लाखोरीचं पीक उपटणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत राहिल्या. एकीने विचारलं, "वरात कोणाची होय वो?"

"माझीच," रंजीता म्हणाली.

बाभळीचे काटे आले. टायरला टोचले, चिर्र झालं, पांढरे शिंतोडे तिच्या पोटऱ्यांवर उडाले आणि दोन फेऱ्यांत थांबले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिने खाली बघितलंही नाही. मागे दोघे ट्यूब बदलायला थांबले. त्यांच्याजवळ जीप थांबली नाही. तिला काम नेमून दिलेलं होतं.

तळ्याच्या अलीकडे पांदणीची वाट अरुंद झाली. लच्छू चांगला माणूस, पण पहिल्या गियरमध्ये इंजिन तापायला लागलं होतं. त्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. रंजीता वाट देण्यासाठी बांधावर चढली. बांधावर तूर कापून नेलेली होती, आणि विळ्याने तिरकी कापलेली तुराटीची खुंटं भाल्यासारखी उभी होती. मागच्या टायरमधून फस्स आवाज आला, आणि या खेपेला तो थांबला नाही.

ती उतरली. नखाएवढी चीर. चीक बुडबुडे काढत मातीत गळत होता. इतकं मोठं भोक त्याच्याच्याने बुजत नाही, हे तिला गॅलरीतल्या जुन्या टायरपासून माहीत होतं.

जीप थांबली. मागचे सगळे येऊन थांबले. कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"झालं न पंक्चर," सुरेंद्रभाऊ हळुवारपणे म्हणाले. "बसा आता. यात कमीपणा नाही."

"बसा न, मॅडम," लच्छू म्हणाला. "काऊन जीव आटवून राह्यल्या?"

रंजीताने सीटखालची पिशवी सोडली. "पंक्चर झालं. मी कधी म्हटलं होतं होणारच नाही?" खरं तर म्हटल्यासारखंच होतं, मार्चमध्ये, टपरीवर. तेच चुकलं होतं, हे तिला आता, गुडघे मातीत टेकवताना कळत होतं. त्यांनी विचारलं होतं पंक्चर झालं तर काय, आणि तिने वर्षभर होऊ न देण्याची तयारी केली. चार पुरुषांनी असं वचन कुणाला दिलं नव्हतं. त्यांची फुटली, त्यांनी लावली, झालं. "झालं तर लावाचं असते, भाऊ. दुसरं का असते?"

तिने चिकट रबराची एक वात दाभणात ओवली आणि चिरेत दाबली. पुरली नाही. शेजारी दुसरी दाबली. सुरेंद्रभाऊंनी खिशातून गॅसची छोटी नळी काढली, एका दमात टायर फुगवणारी. "हे घ्या. लवकर होईल."

"नको. या गॅसनं आतला चीक फाटते. लिंबू पिळल्यावर दूध फाटते तसा."

"कुणी सांगितलं?"

"फाडून पाह्यला घरी."

तिने सिरिंजने राहिलेला चीक भरला, चीर खाली येईल असं चाक धरलं, हातपंप लावला आणि पंप मारत राहिली. वातीच्या कडेने दोन बुडबुडे आले, तिसरा आला नाही.

तेवढ्यात जीपचं दार वाजलं. स्वाती उतरली, मागच्या शिडीने टपावर चढली आणि दोराची गाठ सोडायला लागली.

"स्वाती मॅडम, तुमच्या सायकलला ट्यूब आहे," सुरेंद्रभाऊ म्हणाले.

"आहे. खिशात दुसरी आहे. लच्छूभाऊ, खालून धरता का जरा?"

लच्छूने अध्यक्षांकडे बघितलं, मग सायकलकडे, आणि सायकल खाली येतच होती म्हणून धरली.

"पंक्चर झालं तर रंजीता थांबेल," स्वाती म्हणाली.

"थांबीन. पण लावशीन तू. मी पाहीन," रंजीता हात पुसत म्हणाली.

"आणि नियम?" सुरेंद्रभाऊंनी विचारलं. त्यात राग नव्हता. सांभाळायला दिलेली वस्तू हरवल्यावर माणूस विचारतो तसं विचारलं.

"त्याले बसवा जीपमध्ये, भाऊ. जागा झाली आता."

मागे कुणीतरी हसू खोकल्यात बुडवलं. रंजीता बांधावरून उतरून पांदणीच्या मधोमध आली. स्वातीने हेल्मेटचा पट्टा लावला. दोघी निघाल्या, आणि या वेळी मागून इंजिनाचा आवाज आला नाही.

"चालू का मागं?" लच्छूने विचारलं.

सुरेंद्रभाऊ पाळीकडे बघत होते. दोघी पाळीवर चढल्या होत्या. रंजीताचं मागचं चाक लंगडत नव्हतं; त्यांनी ते दोनदा निरखून पाहिलं.

"डांबरी रोडनं ने गाडी," ते शेवटी म्हणाले. "ब्रह्मपुरीले थांब." आणि गॅसची नळी खिशात टाकून त्यांनी आपल्या सायकलवर टांग मारली, कारण पुढच्या दोघी आता बऱ्याच पुढे गेल्या होत्या.