गढूळ पाझर

धरणाच्या पायथ्याशी पाणी पाझरतं याची मला कधीच भीती वाटली नाही. मातीचं धरण आहे, थोडं पाझरणारच. पण ते पाणी नितळ हवं. म्हणून रोज सकाळी मी त्याचा एक ग्लास भरून बघतो. त्या रविवारी बघता बघता ग्लासाच्या तळाशी माती बसली. पाणी आतून धरण पोखरत होतं.

वर सुट्टीची ही गर्दी. बोटी भाड्याने देणाऱ्याला सगळे कॅप्टन म्हणतात. त्याला म्हटलं, "बोटी काठाला लाव, माणसं बांधावरून उतरव. पाणी सोडतोय."

"मामा, ऐन रविवारी?"

ग्लास त्याच्या नाकासमोर धरला. गडी निमूटपणे शिट्ट्या मारायला लागला.

कचेरीतले साहेब फोनवर एवढंच म्हणाले, "दार पूर्ण उघडा."

साहेबांचं काय जातंय म्हणायला. दाराचं चाक तीस वेढे फिरतं. बारा वेढ्यांपर्यंत पाणी ओढ्यात मावतं, पुढे ते सरळ माझ्या ताईच्या घरात शिरतं. ओढ्याच्या काठावर तिचं एकटीचंच घर. जन्मभर नर्सची नोकरी करून बांधलेलं. आणि जागा कोणी दाखवली? मी शहाण्याने. "इथवर पाणी येत नाही," असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

ताईला फोन करून घराबाहेर काढलं, बारा वेढे दिले आणि थांबलो. साहेबांना कळवलं, उघडलंय.

वाटलं, एवढ्यावर भागेल. दर दहा मिनिटांनी पायथ्याशी धावत होतो. दुसरा ग्लास गढूळ. तिसरा चहासारखा. चौथ्या खेपेला पाझराचं भोक मुठीएवढं झालं होतं. धरण फुटलं तर खालच्या वस्तीतली अडीचशे घरं जाणार. सगळं कळत होतं, पण हात काही चाकाकडे जाईना.

ताई धापा टाकत वर आली, काखेत कागदपत्रांची पिशवी.

"किती वेढे दिलेस?"

"बारा."

"आणि द्यायचे किती?"

मी हातातला ग्लास उगाच झटकला.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? किती?"

"तीस."

तिने पिशवी खाली ठेवली आणि चाकाला हात घातला.

"ताई, घर जाईल तुझं."

"मला दिसतंय इथून. तू चाकाकडे बघ."

दोघांनी जोर लावला. ती मोठ्याने मोजत होती. विसाव्या वेढ्याला पाणी तिच्या दारातून आत गेलं. तिने मान वळवून एकदा बघितलं. आवाज चिरकला तिचा, पण एकविसावा आकडा तिनेच म्हटला.

धरण टिकलं. ताई आता माझ्याकडेच राहते. गावात सगळे म्हणतात, मामांनी सख्ख्या बहिणीच्या घराकडेही बघितलं नाही. मी बारावर थांबलो होतो हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून मी सांगतोय.