हिरवं नख

शेळी आत यायला तयार नव्हती. शालन दोरी ओढत होती, शेळी समाजमंदिराच्या दाराशी चारी पाय रोवून उभी होती, आणि शेणवे गावच्या बचत गटातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“गो शालन, शेळी तुजीच हाय ना?” गटाची अध्यक्ष बाईजा म्हणाली. “मालकिनीला वळखत नाय ती.”

“नवी हाय, मावशी. रुळंल.”

गटात एक नियम होता. ज्या वस्तूसाठी कर्ज घेतलं, ती पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवायची. शेळी असली तर शिंगावर, शिलाई मशीन असलं तर त्याच्या पायावर, बाईजा ऑइलपेंटचा हिरवा पट्टा ओढायची. कर्ज फिटलं की रॉकेलच्या बोळ्याने पट्टा पुसायचा. तोवर ती वस्तू गटाची. हा नियम बाईजाने केला होता, आणि बाईजाचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शिंगाला रंग लागला आणि शालनचा जीव टांगणीला लागला. कारण शेळी तिची नव्हतीच. सिद्धगडाच्या पायथ्याला राहणाऱ्या तिच्या बहिणीची, भिमीची होती. टेम्पोतून आली होती आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतूनच परत जायची होती.

गटाचे पैसे केव्हाच कल्याणच्या कॉलेजात पोचले होते. शालनची लेक संघरत्ना इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती. बँकेतल्या साहेबाने ‘इंजिनिअरिंग, नर्सिंग असं काही असेल तर बघू’ म्हणून वाटेला लावलं होतं. तानसा धरणाच्या पाइपलाइनवर रोजंदारीने जाणारा नवरा, बाळाराम, म्हणाला होता, “डीएड कर म्हना तिला. मास्तरीन झाली की पगार चालू.” त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पण संघरत्नाच्या वर्गातली निम्मी पोरं दहावीला इंग्रजीत आपटून गवत कापायला गेली होती, आणि तेव्हाच या पोरीच्या डोक्यात बसलं होतं की शिकायचं तर हेच.

हे गटात सांगायचं कसं? इंग्रजी काय दूध देते? म्हणून शालन ‘शेळी’ म्हणून गेली, आणि एकदा शेळी म्हटल्यावर शेळी आणावीच लागली.

बिंग फुटलं ते शेळीच्याच गुणाने. ती गाभण होती आणि ते बाईजाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. दिवस भरले असतील असं धरून, एका सकाळी बाळंत शेळीला गूळ घेऊन बाईजा शालनच्या दारात हजर! गोठ्यात बघते तर एक कोंबडी, तीही शेजाऱ्यांची.

पुढच्या बैठकीत शालनला मान वर करवेना. खोटं सांगणाऱ्याने सगळे पैसे एकरकमी परत करायचे, हाही नियमच होता. पैसे परत म्हणजे पोरीचं कॉलेज बंद. तेवढ्यात पाठीमागे बसलेली संघरत्ना उठली.

“शेळी भिमीमावशीची होती. पैसे माझ्या फीला गेले. आईने माझ्यासाठी खोटं सांगितलं.”

“शिकून पगार किती मिलंल?” बाईजाने विचारलं.

“सुरुवातीला तासावर पैसे. पगार म्हणावा असा नाय.”

“म्हंजे शेळीच बरी!” गटातली जना म्हणाली आणि हशा पिकला.

“बरीच हाय. पण शेळी मेली तर हप्ता बुडतो, जनामावशी. मी माझ्या पायानं चालत दर महिन्याला येईन.” तिने उजव्या हाताचा अंगठा बाईजापुढे धरला. “नियम हाय ना? मग लावा रंग.”

हसणं थांबलं. बाईजाने त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि डब्यात ब्रश बुडवला. अंगठ्याचं नख हिरवंगार झालं. शालनला रडू फुटलं, ते लाजेचं की अभिमानाचं हे तिचं तिलाही कळलं नाही.

नख वाढलं की रंग वर सरकायचा आणि बैठकीला बाईजा पुन्हा ब्रश फिरवायची. कल्याणच्या मुली हसल्या, हसून थकल्या. संध्याकाळी समाजमंदिरात संघरत्ना गावच्या पोरांना इंग्रजी शिकवू लागली आणि त्यातून हप्ते जाऊ लागले. जनाचा मुलगा मंगळ्या दहावीच्या इंग्रजीत तीनदा आपटला होता, तो चौथ्यांदा सुटला. ‘शेळीच बरी’ म्हणणाऱ्या जनाने गावभर पेढे वाटले.

मग मुरबाडच्या एका कॉलेजात मुलाखत झाली. “ही काय फॅशन?” प्राचार्यांनी नखाकडे बोट दाखवलं. संघरत्नाने शेळीपासून सगळी गोष्ट सांगितली, अस्खलित इंग्रजीत, न लाजता. शालन बाहेर बाकावर बसली होती. तिला अक्षर कळलं नाही, पण आतून साहेब लोकांचं खदखदून हसणं ऐकू आलं आणि तिने ओळखलं, पोरगी जिंकली.

पहिलं वर्ष तासावर गेलं, त्यानंतर पूर्णवेळ नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या महिन्यात ती साडी नेसून बैठकीला आली आणि शेवटचा हप्ता तिने आईच्या हातून भरवला.

बाईजाने रॉकेलचा बोळा घेतला. घासघासून तिने नख पुसलं, पदराने कोरडं केलं आणि तो अंगठा जरा वेळ तसाच हातात धरून ठेवला. “पोरी, तुजी किंमत आमाला लावता आली नाय,” ती म्हणाली.

शालन रंगाच्या डब्याचं झाकण लावायला वाकली.

“ऱ्हाऊ दे उघडा,” बाईजा म्हणाली. तिने मागे वळून आपल्या नातीला, रुचिताला, दंडाला धरून पुढे आणलं. “हिला बी इंग्रजीच शिकायचंय म्हनते. शालन, औंदा रंग तू लाव.”

शालनने हात पदराला पुसले आणि ब्रश उचलला.