हरकत न घेतलेल्या खोलीचा फळा

मित्रांनो, मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी वाचनालयाचा जुना फळा आहे आणि मी रागावलो आहे. रागात हकिकत नीट सांगता येते की नाही, कोण जाणे. चुकलो तर सांभाळून घ्या.

जवळच्याच कंपू मोहल्ल्यातल्या सुताराने मला सागवानाचा घडवला. संस्थान विलीन झालं त्याच वर्षी मला भिंतीवर टांगलं. दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले सदाशिवराव दर रविवारी माझ्यावर तीन रकाने आखून युरोपातल्या तीन तत्त्वज्ञांची मतं मांडत. पहिला म्हणे, मोकळी सोडली तर माणसं एकमेकांना फाडून खातील. म्हणून करार करा आणि सगळी सत्ता एकाच्या हाती द्या. दुसरा म्हणे, राज्याच्या आधीपासून निसर्गाचा कायदा आहे. सरकार लोकांचे हक्क जपायला, त्याने विश्वासघात केला तर ते बदलून टाका. तिसरा म्हणे, सर्वांच्या इच्छेतून आला तोच कायदा.

कॉलेजात शिकणारी विमल एकदा म्हणाली, "काका, विलीनीकरणावर सही राजाने केली. आपल्याला कुठे कुणी विचारलं?"

"दुसरा म्हणतो, राज्याच्या रस्त्यावरून मुकाट चाललात, तरी संमती झाली."

"आपण मुकाट चालतो ते सवयीने. त्याला करार म्हणायचं?"

सदाशिवराव हसून तिसऱ्या रकान्याकडे वळले.

छप्पन साली नवा मध्य प्रदेश झाला आणि ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला गेली. त्या हलवाहलवीत एका खात्याने माझ्यावरच नोटीस डकवली: दप्तर ठेवायला ही खोली हवी, सात दिवसांत सभासदांची हरकत न आल्यास संमती समजू.

सभासद सारे जुन्या दरबारी घरांतले. वरिष्ठाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांचं वळण. सदाशिवरावांनी हरकतीचा अर्ज लिहिला आणि खिशात ठेवला. सातव्या दिवशी सारे सभासद खोलीत जमले असताना खात्याचे कारकून दौलतसिंह आले.

"काका, अर्ज द्या ना," विमल म्हणाली.

"त्यांनी विचारलं तर देतो."

दौलतसिंह हसले. "हमें चाबी लेने भेजा है, पूछने नहीं."

"मुझे एतराज़ है," विमल म्हणाली.

"आप मेंबर नहीं हैं, बहनजी."

तिने खडू उचलून माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हरकत आहे. दौलतसिंहांनी ते बाहीने पुसलं. एकही सभासद उठला नाही. किल्ली गेली.

आज मी एका गोदामात पडलो आहे. वाळवी लागली आहे, पण माझा राग वाळवीवर नाही. आठ वर्षं माझ्यावर लिहिलेले हक्क वाचणारे ते सारे भले लोक मला आठवतात, आणि अजून अंगाची आग होते.

मित्रांनो, माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. माझ्यावर कितीही चांगलं लिहा, कुणाचीही बाही ते पुसते. हरकत असेल तेव्हा माझ्याकडे वळू नका. समोरच्या माणसाकडे बघा आणि त्याने विचारायच्या आत बोला.