रेघ काढलेलं पान

दुपारी निघणाऱ्या त्या दैनिकात ती एकवीस वर्षं पानं लावत होती. बातम्या लिहिणारे, फोटो काढणारे वेगळे. कुठली बातमी वर, कुठली खाली, मथळा किती कॉलमांचा, फोटो कुठे बसवायचा, कुठे रेघ ओढायची आणि कुठे मोकळं सोडायचं, हे मात्र तिच्या हातात. ऑफिसात तिला सगळे 'पट्टी' म्हणायचे. कॉम्प्युटर येऊन इतकी वर्षं झाली तरी छापून आलेल्या पानावर ती स्टीलची पट्टी ठेवून मोजायची, आणि एखादी ओळ केसभर जरी सरकलेली दिसली तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

त्या मंगळवारी तिसरं पान लागून तयार होतं. पावणेबाराला ते छपाईला सोडायचं होतं. साडेअकराला जाहिरातवाल्यांचा फोन आला. फर्निचरच्या दुकानाची जाहिरात दोन इंचांनी वाढली होती.

"ताई, गिऱ्हाईक मोठं आहे. जरा सांभाळून घ्या."

सांभाळून घ्यायचं म्हणजे दोन इंच जागा कुठून तरी काढायची. पानाच्या माथ्यावर चार कॉलमांत एक बातमी होती : 'शाळकरी मुलीची छेड; प्रशिक्षक अटकेत'. कुठल्याशा व्यायामशाळेतला माणूस होता. पोलिसांनी त्याचं नाव दिलेलं नव्हतं. तिच्याखाली चौकटीत दुसरी बातमी. तरणतलावावर चाळीस वर्षं मुलांना पोहायला शिकवणाऱ्या एका सरांचा सत्कार झाला होता, सोबत त्यांचा हसरा फोटो. तिने चौकट काढून टाकली. दोन बातम्यांमधली रेघही उडवली. सत्काराचा मथळा बारीक करून एका कॉलमात कोंबला आणि फोटो उचलून वर सरकवला. फोटोखालच्या दोन ओळींची एकच केली : सरांचं नाव आणि पुढे 'ज्येष्ठ प्रशिक्षक'. सगळं चपखल बसलं. पान वेळेआधी सुटलं. वृत्तसंपादक मागून डोकावत म्हणाले, "पट्टी, तुझ्या हाताला तोड नाही."

संध्याकाळी ती घरी भाजी चिरत होती. सासूबाई रोजच्यासारख्या भिंग घेऊन पेपर वाचत होत्या.

"अगं बाई!" त्या एकदम म्हणाल्या. "हा तर तो पोहायला शिकवणारा! आपल्या धाकट्याला यानेच शिकवलं ना? शी, या वयात ही थेरं!"

"कसली थेरं, आई? त्यांचा तर सत्कार झालाय."

"सत्कार कोणी केला, पोलिसांनी? हे बघ ना. वर काय लिहिलंय आणि खाली फोटो कुणाचा आहे!"

तिने हात पुसले आणि पेपर घेतला. सकाळपासून तिने ते पान दहा वेळा पाहिलं होतं. आता तिला दिसलं. मथळा चार कॉलमांवर पसरलेला, आणि त्याच्या उजव्या टोकाखाली सरांचा चेहरा, जणू त्याच बातमीचा. मध्ये ना रेघ, ना मोकळी जागा. बातमीत आरोपीचं नाव नव्हतं, आणि फोटोखाली एक नाव होतं. वाचणाऱ्याने ते नाव उचलून बातमीत बसवायचं, एवढंच काय ते उरलं होतं.

"आई, हे दोघं वेगळे आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तरणतलावाच्या कार्यालयातून तीनदा फोन येऊन गेला होता. संपादकसाहेबांनी पान समोर पसरून ठेवलं होतं.

"यात एक अक्षर चुकलंय का, दाखव मला," ते म्हणाले.

"अक्षर नाही, साहेब. पान चुकलंय."

"लोकांना नीट वाचता येत नाही त्याला आपण काय करणार?"

"लोक असंच वाचतात, साहेब. वरून खाली. म्हणूनच तर आपण मथळा वर टाकतो."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, पण चूक कबूल केली की ती मोठी होते, असं त्यांचं मत होतं. त्यांनी आठ ओळींचा खुलासा सांगितला. तो सहाव्या पानावर, एका कॉलमात, घर भाड्याने देणे आणि हरवले-सापडले यांच्यामध्ये गेला. तो तिनेच लावला. लावताना तिला ठाऊक होतं, की हा कुणाच्याही नजरेला पडणार नाही. तशीच जागा होती ती.

गुरुवारी काम आटोपून ती तरणतलावावर गेली. चारची वेळ, मुलांची. पाण्यात चिटपाखरू नव्हतं. काठावर लाल-निळ्या टोप्या ओळीने टांगलेल्या होत्या. सर गळ्यात शिट्टी अडकवून खुर्चीवर बसले होते, आणि त्यांची बायको शेजारी उभी होती. घरी एकटं वाटतं म्हणून सरांबरोबर आली असावी.

"ते पान मी लावलंय," पट्टीने एका दमात सांगून टाकलं.

सरांना आधी कळेना. "म्हणजे बातमी तुम्ही लिहिली?"

"नाही. फोटो तिथे मी ठेवला. मध्ये एक रेघ होती, ती मी काढून टाकली. जाहिरात मोठी झाली म्हणून."

"जाहिरात कसली होती?" सरांच्या बायकोने विचारलं.

"फर्निचरची."

ती बाई दोन पावलं पुढे आली. मग म्हणाली, "तो फोटो मी दिला होता तुमच्या माणसाला. चांगला शर्ट घालायला लावून काढून घेतला होता. काल शेजारीण दारात आली, आणि माझ्याशी बोलायच्या आधी तिने आपल्या पोरीला घरात पाठवलं. माझ्या देखत! आता तुम्ही असं करा, तोच फोटो परत छापा. तिथेच. त्याहून मोठा. आणि खाली लिहा, की या माणसाने काही केलेलं नाही."

"नको," सर म्हणाले.

"का नको? भ्यायचं काय त्यात?"

"फोटो नको. लोक फोटोच बघतात. वाचतंय कोण?" त्यांनी शिट्टी मुठीत धरली होती. "बेचाळीस पोरं होती बाई माझ्याकडे. काल कमिटीवाले म्हणाले, थोडे दिवस विश्रांती घ्या. मी म्हटलं, मी दमलोय कुठे?"

पट्टीला रडू येत होतं, पण इथे रडायचा हक्क आपला नाही असं वाटून तिने ते गिळलं.

शुक्रवारी ती लवकर गेली आणि तिसऱ्या पानावर चार कॉलमांची जागा मोकळी सोडून बाकीचं पान लावलं. मग मथळा शोधत बसली. 'सरांचा त्या प्रकरणाशी संबंध नाही' असं लिहिलं, तर सर आणि ते प्रकरण पुन्हा एका ओळीत येत होते. 'सर निर्दोष' लिहिलं, तर आधी आरोप होता असं वाटत होतं. जे लिहावं ते नव्याने डाग लावत होतं. शेवटी तिने लिहिलं : 'आमचं पान चुकलं'. खाली साध्या शब्दांत काय झालं ते. कुठली बातमी कुणाची, रेघ का गेली, ती कुणी काढली. शेवटी स्वतःचं नाव. फोटो नाही. भोवती ठळक चौकट आणि आत भरपूर मोकळी जागा.

वृत्तसंपादक आले आणि पाहून हबकले. "पट्टी, वेड लागलंय का? चार कॉलम?"

"तेवढ्याच कॉलमांत केलंय आपण ते."

प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेब येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"हे काढ आणि दुसरं लाव."

"मी नाही काढणार, साहेब. तुम्ही दुसऱ्या कुणालाही बसवा इथे, मी उठते." ती खरंच उठून उभी राहिली.

साहेबांनी तो मजकूर पुन्हा वाचला.

"तुझं नाव काढ," ते शेवटी म्हणाले. "पेपरचं नाव टाक. चूक पेपरची आहे." आणि जाता जाता थांबून, "सोमवारपासून तू छोट्या जाहिरातींची पानं बघ. तिसरं नको."

तिने मान हलवली. पान सुटलं.

संध्याकाळी सासूबाईंनी भिंगातून चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि पेपरची घडी घालत म्हणाल्या, "छान लिहिलंय. पण काही तरी असेलच गं. उगीच कुणी एवढं छापेल का?"

तिने पेपर उचलून ठेवला. जेवायला वाढलं, भांडी घासली, आणि नवऱ्याने दोनदा विचारलं तेव्हा "काही नाही" म्हणाली.

दोन महिन्यांत अकरा मुलं परत आली. सगळे मुलगे. मुलींचा वर्ग कमिटीने एका तरुण बाईकडे दिला. हे तिला कळलं, कारण ती अधूनमधून तलावावर जायची. कधी बाहेरूनच बघून परत फिरायची. एकदा ती आत गेली. सरांची बायको कमरेइतक्या पाण्यात कडेच्या दांडीला घट्ट धरून उभी होती, आणि सर काठावरून सांगत होते, "पाय मार, पाय! दांडी पळून जात नाहीये."

"चाळीस वर्षांत कधी उतरले नाही," बाई तिला म्हणाली. ती हसली नाही, पण बोलली तरी. "रिकाम्या पाण्याकडे बघत बसतात, मला बघवत नाही. म्हटलं, मलाच शिकवा."

सर पट्टीला फाटकापर्यंत सोडायला आले.

"तुम्ही ते छापलंत, त्याला हिंमत लागते. मला कळतं," ते म्हणाले. "पण आता येत जाऊ नका. राग नाही, खरंच नाही. तुम्ही दिसलात की ते पान दिसतं मला."

"बरं," ती म्हणाली.

तिने चप्पल घातली. आतून पाण्याचा सपासप आवाज येत होता. बाई पाय मारत होती. सर लगबगीने मागे फिरले. पट्टी रस्त्याला लागली, आणि त्यानंतर त्या बाजूला कधी गेली नाही.